जागे राहा म्हणजे नक्की काय, आणि देव लावतो ती शिस्त म्हणजे शिक्षा का?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणी आजारी पडलं किंवा कोणाची नोकरी गेली की भेटायला येणाऱ्यांपैकी एक जण तरी हमखास म्हणतो, "देव तुला शिस्त लावतोय बघ, प्रार्थनेत कमी पडलास." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हो, पण ऐकणारा खाटेवर पडलेला असतो आणि त्या क्षणापासून त्याच्या डोक्यात उलटतपासणी सुरू होते की माझं काय चुकलं असेल. माझ्या आईला पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा वॉर्डात तिच्या उशाशी उभं राहून मी हे वाक्य स्वतः ऐकलंय, आणि त्या रात्री आई, जिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि शब्द फुटत नव्हता, ती चांगला असलेला हात हलवून मला विचारत होती की मी काय केलं. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी या विषयामागे लागलोय. मी पास्टर नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही, फक्त वाचत आलोय आणि जाणत्या माणसांना विचारत आलोय. जे कळलं ते सोपं करून सांगतो.

सुरुवात गेथशेमाने बागेपासून करू, कारण "जागे राहा आणि प्रार्थना करा" हे वाक्य तिथलं आहे (मत्तय २६:४१). गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. यरुशलेम शहरातून खाली उतरायचं, किद्रोनचा ओहोळ ओलांडायचा, समोर जैतुनाचा डोंगर, त्याच्या पायथ्याची ही जागा. रात्र वल्हांडण सणाची, म्हणजे पौर्णिमेची, कारण तो सण चांद्र महिन्याच्या मध्यावरच येतो. सणाचं जेवण झालंय, स्तोत्र गाऊन झालंय, आणि येशू पेत्र, याकोब, योहान या तिघांना जवळ घेऊन सांगतो की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. मग थोडा पुढे जाऊन पालथा पडून प्रार्थना करतो. परत येऊन बघतो तर तिघं झोपलेले. असं तीन वेळा होतं.

आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकतो ती अशी की शिष्य आळशी होते. पण लूकने एक बारीक गोष्ट टिपलीय (२२:४५), तो म्हणतो की ते दुःखाने झोपले होते. ज्याने घरात मयत बघितलंय त्याला हे कळेल, रडून रडून माणूस कसा भिंतीला टेकून झोपी जातो ते. म्हणजे येशूची हाक आळशी लोकांना नव्हती, थकून खचलेल्या लोकांना होती, आणि आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे असं तोच त्यांच्या बाजूने बोलतो. मला हे वाक्य पूर्वी टोमण्यासारखं वाटायचं. आता वाटतं की आई तापाने फणफणलेल्या पोराला उठवून औषध पाजते ना, तसा तो आवाज आहे.

आणि जागं राहायचं ते त्याच रात्री का? निर्गमच्या बाराव्या अध्यायात, जिथे इस्राएल लोक मिसरमधून सुटतात (वल्हांडण सण याच सुटकेची आठवण), तिथे ४२ व्या वचनात एक सुंदर गोष्ट आहे. त्या रात्री परमेश्वराने त्यांना बाहेर काढण्यासाठी पहारा केला, म्हणून पिढ्यानपिढ्या इस्राएलांनी ती रात्र त्याच्यासाठी जागून काढायची. क्रम बघा, आधी देव जागला, मग माणसांनी जागायचं. स्तोत्र १२१ मध्येही तेच, इस्राएलचा राखणदार डुलकी घेत नाही, झोपत नाही. आपल्याकडे कोजागरीला देवी "कोण जागं आहे" असं विचारत फिरते असं म्हणतात, इथे आधी देव स्वतः रात्रभर जागतो आणि मग म्हणतो, या, माझ्याबरोबर बसा. हे एकदा डोक्यात बसलं की जागरणाचं ओझंच उतरतं, कारण पहारा माझ्या जिवावर चाललेला नाही, मी फक्त सोबतीला बसायचंय.

जागे राहा यासाठी नव्या करारातला ग्रीक शब्द आहे तो म्हणजे ग्रेगोरेइन, ग्रेगरी हे नाव त्यातूनच आलंय. त्यात डोळे उघडे ठेवणं आहे तसंच भान ठेवणंही आहे. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू घरमालकाची गोष्ट सांगतो, तो परगावी जातो, दारवानाला जागं राहायला सांगतो, कारण मालक कधी येईल कोण जाणे, संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी. हे रोमी लोकांचे रात्रीचे चार प्रहर. आपल्याकडेही रात्रीचे प्रहर चारच, म्हणून हे समजायला आपल्याला सोपं जातं. आता गंमत बघा, पुढच्याच अध्यायात ती शेवटची रात्र सुरू होते आणि ती याच चार टप्प्यांनी जाते. संध्याकाळी जेवण, तिथे बारा शिष्यांपैकी एक, यहूदा, येशूला धरून देणार हे कळतं. रात्र चढल्यावर बागेत शिष्य झोपतात. कोंबडा आरवताना पेत्र तिसऱ्यांदा "मी त्याला ओळखत नाही" म्हणतो. सकाळ होताच येशूला बांधून रोमी सुभेदार पिलाताकडे नेतात आणि तेव्हा त्याच्यासोबत त्याचं एकही माणूस नसतं. म्हणजे परीक्षा चारही प्रहरी आली, आणि प्रत्येक वेळी ती आलीय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्या मते जागृतीचा सगळा मुद्दा हाच आहे. मोठं पाप समोरून ढोल वाजवत येत नाही, ते "उद्या बघू" च्या रूपात येतं.

मग प्रार्थना कशाला? पुष्कळ जणांना वाटतं की प्रार्थना म्हणजे देवाचं मन वळवणं, जितका जास्त वेळ आणि जितका मोठा आवाज तितकी फाइल लवकर पुढे सरकणार. बागेतली प्रार्थना तशी नाही. त्यात दोनच गोष्टी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक, हे अब्बा, हा प्याला माझ्यापासून दूर कर. दोन, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आपण बहुतेक वेळा यातलं एकच बोलतो. काही लोक नुसती मागणी करतात, आणि काही "धार्मिक" लोक पहिलं वाक्य गिळूनच टाकतात, थेट "तुझी इच्छा" वर येतात, आतून मात्र कुढत असतात. येशूने मागणी गिळली नाही. तीन वेळा मागितलं. प्रेषित पौलानेही अंगातला काटा काढ म्हणून तीन वेळा विनंती केली (२ करिंथ १२), काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर आलं. दोघांनाही मागितलेलं मिळालं नाही आणि दोघंही उठून पुढे चालायला लागले, हे मला फार मोठं वाटतं.

आता अवघड भाग. शिस्त.

इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात लिहिलंय की प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. हे वचन ऐकलं की आपल्याला छडी दिसते, कारण मराठीत शिक्षा म्हटलं की अंगठे धरून उभं राहणं आठवतं. पण तोच शब्द हिंदीत बघा, तिथे शिक्षा म्हणजे शाळा, अभ्यास. शिकणं, शिक्षक, शिक्षण, शिक्षा, सगळे एकाच धातूचे, सख्खी भावंडं. ग्रीकमध्ये तिथे पाइदेइया आहे, मूळ शब्द पाइस म्हणजे मूल, म्हणजे मुलाला वाढवणं, घडवणं, त्यात शिकवणंही आलं आणि रागावणंही. मला यासाठी आपला घरगुती शब्द आवडतो, वळण. "पोरांना चांगलं वळण आहे" असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर मार नसतो, ज्या घरात ती पोरं वाढली ते घर असतं.

आणि एक तपशील, जो कळल्यावर मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो. इब्रीकराने, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्याने, हे वचन नीतिसूत्रे ३:१२ मधून घेतलंय. मूळ हिब्रूत शेवट असा आहे की जसा बाप आपल्या आवडत्या मुलाला. पण इब्रीकर ज्या जुन्या ग्रीक भाषांतरातून घेतो त्यात फटके मारतो असं आहे. हा फरक कसा? जुनी हिब्रू काना-मात्रांशिवाय लिहायचे, नुसती व्यंजनं, आपल्याकडे मोडीत ह्रस्व-दीर्घ वाचणाऱ्याने समजून घ्यायचं तसंच काहीसं. तिथली तीच अक्षरं एका पद्धतीने वाचली की "बापासारखा", दुसऱ्या पद्धतीने वाचली की "दुखवतो". अक्षरं तीच. इब्रीकर दुखणं लपवत नाही, पण पुढची चार-पाच वचनं तो फक्त बाप आणि मूल यावरच बोलतो, म्हणजे दोन्ही वाचनं त्याच्याकडे एकत्र आलीच.

अकराव्या वचनात तो म्हणतो की कोणतीही शिस्त त्या वेळी गोड लागत नाही, दुःखच वाटतं, पण जे तिच्यात तयार होतात त्यांना पुढे शांतीचं फळ मिळतं. "तयार होतात" साठी जो ग्रीक शब्द आहे त्यातूनच आपला जिम हा शब्द आलाय. मराठीत सरळ तालीम म्हणा. माझ्या मामाचं गाव कोल्हापूरकडे, तिथे तालमीत मी लहानपणी पहाटे जाऊन बसायचो. लाल माती, हळद, ताक, तेल घालून मळलेली, तिचा तो ओलसर वास. वस्ताद माझ्या मामेभावाला एकाच डावावर परत परत पाडायचे, पाच वेळा, सात वेळा, आणि दर वेळी एकच वाक्य, "मान सैल सोडलीस." तो रडकुंडीला यायचा. मी बाजूला चटईवर बसलेला, मला कोणी हातही लावत नव्हतं आणि मला वाटायचं माझं बरं चाललंय. मोठा झाल्यावर कळलं की मला हात लावत नव्हते कारण मी त्यांचा पठ्ठाच नव्हतो. इब्री १२:८ हेच सांगतं, शिस्त जर तुमच्या वाट्याला आलीच नसेल तर तुम्ही घरातले नाही. आणि वस्तादांनी भावाला कितीही पाडलं तरी त्याचं डोकं जमिनीवर आपटू नये म्हणून त्यांचा एक हात कायम त्याच्या मानेखाली असायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण इथेच सगळ्यात मोठी चूक होते आणि ती मला ठामपणे सांगायचीय. देव शिस्त लावतो याचा अर्थ जे काही वाईट घडतं ती शिस्तच, असा होत नाही. योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? येशू म्हणतो, यानेही नाही आणि त्यांनीही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? येशू म्हणतो, नाही. आणि ईयोबाचं पुस्तक तर खास बघा. ईयोबाची मुलं गेलीत, अंगभर फोड आलेत, आणि अलीफज नावाचा मित्र येऊन काय म्हणतो? देव ज्याला शासन करतो तो धन्य, सर्वसमर्थाची शिस्त तुच्छ मानू नकोस (ईयोब ५:१७). वाक्य शंभर टक्के बरोबर! जवळपास नीतिसूत्रेच. आणि पुस्तकाच्या शेवटी, ४२:७ मध्ये, देवाचा राग कोणावर भडकतो तर याच अलीफजवर. बरोबर वाक्य, चुकीचा माणूस, चुकीची वेळ. आईच्या उशाशी उभं राहून बोलणाऱ्यांना मला हे तेव्हा सांगता आलं असतं तर.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने, आणि म्हातारपणी, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा. नऊ महिन्यांच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये, त्या स्वतः गेल्या, आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं त्यांचं काम शेवटपर्यंत चालू होतं. यातलं कोणतं मरण "शिस्त" होतं असं कोणी मला विचारलं तर मी म्हणेन, हे बोलायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. जे नक्की दिसतं ते वेगळंच आहे, ही बाई जागी होती. १९०५ च्या जानेवारीत केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या त्यांच्या आश्रमात, त्यांनी विचारलं की माझ्याबरोबर रोज प्रार्थनेला कोण येणार, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. एवढी माणसं गमावलेल्या बाईने एवढ्या पोरींना प्रार्थनेला बसवलं, ते तिला देव कडक मास्तर वाटत असता तर झालं नसतं.

अजून एक. घरात मारहाण होते आणि बाईला सांगितलं जातं की सहन कर, देव तुला शिकवतोय. हे साफ खोटं आहे. इब्री १२:१० मध्येच लिहिलंय की माणसं त्यांना योग्य वाटेल तशी शिस्त लावतात, देव मात्र आपल्या हितासाठी लावतो. माणसाच्या हाताला देवाचं नाव द्यायचं नाही, अशा वेळी त्या बाईला तिथून बाहेर काढायचं आणि पोलिसांकडे जायचं.

मग खरी शिस्त ओळखायची कशी? माझाच अनुभव सांगतो. मी एका मंडळीत अर्पणाचा हिशेब बघायचो. पैसे खाल्ले नाहीत, पण सात महिने वही लिहिली नाही. पावत्या बाइकच्या डिकीत, काही पावसात भिजून एकमेकींना चिकटलेल्या. दर रविवारी वाटायचं, पुढच्या आठवड्यात बसू. त्या सात महिन्यांत मी प्रार्थना करत होतो बरं का, उपवास प्रार्थनेलाही जायचो, फक्त हा एक कोपरा सोडून सगळ्या गोष्टींसाठी प्रार्थना चालू होती. मग वार्षिक सभेआधी वही मागितली, जुळवाजुळव केली तर ३,४०० रुपये कमी. खिशातून भरले. काम माझ्याकडून काढून घेतलं, सगळ्यांसमोर.

नीतिसूत्रे ३:११ मध्ये दोन इशारे आहेत, शिस्तीला हलकं समजू नको आणि तिने खचू नको. मी दोन्ही केलं, आधी एक, मग दुसरं. पहिले दोन आठवडे "साडेतीन हजारांचं काय एवढं, भरले ना" म्हणत फिरलो. नंतर चार महिने चर्चलाच गेलो नाही, कारण आता मी कोणत्या तोंडाने जाऊ. दोन्ही वेळा एक गोष्ट सारखी होती, मी देवाशी त्या विषयावर एक शब्द बोलत नव्हतो. ज्या रात्री बोललो त्या रात्री मोठं काही झालं नाही, गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो, म्हणालो, देवा, ती वही. एवढंच. आणि मग रडू आलं. स्तोत्र १३९ च्या शेवटी दावीद म्हणतो ना, माझं मन तपास, माझ्यात काही वाईट वाट आहे का बघ, ती प्रार्थना मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

म्हणून आता मी असा फरक करतो, आणि हा माझा ताळा आहे, तुमचा वेगळा असू शकेल. देव जेव्हा वळण लावतो तेव्हा तो बोट एका ठिकाणी ठेवतो, ती वही, तो शब्द, तो फोन न केलेला भाऊ. त्याचं नाव घेता येतं आणि पुढची पायरीही दिसते. मनात जर नुसतं धुकं असेल, "मी वाईटच, देव माझ्यावर चिडलाय, का ते माहीत नाही", तर ते देवाचं बोट नाही असं मी समजतो. आईच्या आजारपणात मी तिला शेवटी एवढंच सांगू शकलो, की तुला काही आठवत नाही ना, मग नाहीच काही, बापाने रागवायचं असेल तर तो कारण लपवून ठेवणार नाही. ती झोपली.

रोजच्यासाठी म्हणाल तर मी रात्री दिवा घालवायच्या आधी दहा मिनिटं बसतो. दिवस उलटा आठवतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत, कुठे झोप लागली होती ते बघतो. जे टाळलं त्याचं नाव मोठ्याने घेतो. मागायचं ते मागतो, न लाजता, आणि मग तुझी इच्छा म्हणतो. कधी बसल्या बसल्या डुलकी लागते. ३१ डिसेंबरच्या वॉचनाइटला एक रात्र जागणं सोपं असतं, सगळे बरोबर असतात, चहा असतो, बारा वाजता घंटा असते. मंगळवारची दहा मिनिटं अवघड.

आणि पेत्राचं पुढे काय झालं ते राहिलं. त्याने नाकारलं तेव्हा तो महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीशी ऊब घेत होता (योहान १८:१८). योहान वापरतो तो कोळशाच्या विस्तवाचा शब्द अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतो. दुसऱ्यांदा तो येतो २१:९ मध्ये, तिबिर्याच्या सरोवराकाठी पहाटे, रात्रभर जाळं टाकून हाताला काही न लागलेला पेत्र किनाऱ्यावर येतो तर उठलेल्या येशूने कोळसे पेटवून ठेवलेत, वर मासे, बाजूला भाकर. तोच वास पेत्राच्या नाकात गेला असणार. येशू आधी म्हणतो, या, न्याहारी करा. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत तो काही विचारत नाही. मग तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय. दुखलंच. पण प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याच्या हातात काम देतो, माझी मेंढरं सांभाळ. "सावध असा, जागे राहा" हे मग मंडळ्यांना लिहून पाठवणारा (१ पेत्र ५:८) हाच, बागेत तीन वेळा झोपलेला माणूस.